काजू गुमीत काजू नसतो

जपानात येऊन जेमतेम पाच दिवस झाले होते आणि मी काजू समजून द्राक्षं विकत घेतली. द्राक्षं पण नाही, द्राक्षाच्या गोळ्या. आता मी तासगावची, घरी अडीच एकर बाग, म्हणजे जगात एकच गोष्ट अशी होती जी पैसे देऊन घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि टोकियोत पहिली खरेदी तीच.

झालं असं की २०२३ चा एप्रिल, ऑफिसचा पहिला आठवडा. वेळेचा फरक साडेतीन तासांचाच, पण दुपारी तीन वाजले की माझे डोळे आपोआप मिटायला लागायचे. शेजारच्या डेस्कवर एक बाई बसतात, त्या तेवढ्यात ड्रॉवर उघडून काहीतरी तोंडात टाकायच्या. एकदा माझं लक्ष गेलेलं त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या झोप आली की मी काजू गुमी खाते, खाली कोंबिनीत मिळते. कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, जपानात दर कोपऱ्यावर एक. मला त्या सगळ्यातनं फक्त काजू ऐकू आलं. काजूकतली नाही तर निदान काजूची वडी तरी असेल म्हणून मी पर्स उचलून लिफ्टने खाली.

दुकानातल्या पोराला विचारलं, काजू? तो म्हणाला, हाय. जपानीत हाय म्हणजे हो, पण आमच्याकडे हाय म्हणजे आहे. काजू हाय का, हाय. इतकं सुरळीत बोलणं जपानात मला नंतर कधी जमलं नाही. त्याने मला एका फळीपाशी नेलं आणि द्राक्षाच्या घडाचं चित्र असलेलं जांभळं पाकीट हातात दिलं. मी मान हलवली, काजू काजू. तो परत हाय हाय. मागे रांग लागलेली, शेवटी घेऊन टाकलं, दीडशेच्या आसपास येन, म्हणजे तेव्हाचे नव्वद रुपये.

वर येऊन बाईंना दाखवलं तर त्या खूश, म्हणाल्या हेच. मग त्यांनी कागदावर दोन अक्षरं काढून समजावलं, का म्हणजे फळ आणि जू म्हणजे रस, काजू म्हणजे फळाचा रस. खऱ्या काजूला ते काश्यू नात्त्सु म्हणतात. गुमी म्हणजे आपली गमी, जर्मनीतनं आलेला शब्द. ही मेइजी कंपनीची गोळी १९८८ पासून चालू आहे आणि पाकिटावर १०० टक्के रस असं लिहितात त्याचा अर्थ असा की रस आटवून घालतात, आटवायच्या आधीचा हिशोब धरला तर शंभर भरतो. हे मला लगेच पटलं कारण काकवीचं गणित आम्हाला लहानपणापासून पाठ असतं, केवढा रस टाकला आणि केवढी काकवी निघाली.

गोळी अंगठ्याच्या नखाएवढी, वरून किंचित तेलकट चकाकी, चिमटीत दाबली की दबते आणि सोडली की परत होती तशी. तोंडात टाकली आणि पहिला विचार आला, हा तर तोच खोटा वास. लहानपणी जत्रेत मिळायच्या त्या जांभळ्या गोळ्यांचा, जांभळ्या सरबताचा, तो घशात बसणारा गोडमिट्ट दरवळ. शाळेत असताना मी मैत्रिणींशी भांडायचे यावरून. त्या म्हणायच्या ग्रेप फ्लेवर, मी म्हणायचे अगं कुठल्या द्राक्षाला असला वास येतो, ये आमच्या बागेत आणि हुंगून दाखव. थॉमसन घ्या, सोनाका घ्या, माणिक चमन घ्या, आमच्या द्राक्षाला गोडी असते, थोडी आंबटी असते, पण वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे शंभर टक्के रस वगैरे वाचूनसुद्धा माझं मत ठाम होतं की हे लोक पण एसेन्स घालून फसवतात.

तरी पाकीट संपलं. अर्ध्या तासात संपलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरं आणलं.

मग ते वेडच लागलं. घर निशी-कासाईला, तिथे आपली इंडियन मंडळी भरपूर त्यामुळे जेवणाखाण्याचे हाल नव्हते, पण संध्याकाळी तोझाय लाईनच्या गर्दीतनं चेंगरून उतरलं की स्टेशनजवळच्या कोंबिनीत शिरायचं आणि गमीच्या फळीसमोर उभं राहायचं हा नेम झाला. फळी म्हणजे माझ्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत नुसत्या गमीच. जपानात च्युइंगम मागे पडलं आणि लोक गमीवर गेले असं बाई सांगायच्या, थुंकायला कागद शोधावा लागत नाही हे एक कारण असावं, जिथे रस्त्यावर कचऱ्याचा डबा सापडत नाही तिथे गिळून टाकता येणारी गोष्ट सोयीचीच. दर पंधरा दिवसांनी नवीन काहीतरी आलेलं असायचं, जुनं गायब, आवडलेली चव परत मिळेलच याची खात्री नाही.

कान्रोची प्युरे म्हणून आहे, २००२ पासूनची, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची आणि वर आंबट भुकटी लावलेली. पहिली खाल्ली तेव्हा डावा डोळा मिटला. लिंबाची तर अशी की आपल्या लिंबाच्या गोळीवर कुणीतरी सायट्रिक ॲसिड सांडलं असावं. बोर्बोनची फेत्तुचिने, ती इटालियन पास्त्याच्या पट्टीसारखी लांब, ती मी चावायच्या आधी ओढून बघायचे किती लांबते. निंजा मेशी नावाची एक आहे, म्हणजे निंजाचं जेवण, इतकी कडक की दाढ हलत असेल त्याने नादाला लागू नये, तिची उमेची चव मात्र मला पहिल्या घासात घरची वाटली. उमे हे जर्दाळूच्या भावकीतलं फळ, ते लोक मिठात घालून वाळवतात, आणि त्या गोळीत ते खारट-आंबट-तुरट असं येतं की सरळ खारातला आवळा आठवतो. ऑफिसातल्या दुसऱ्या परदेशी मुलीने ती थू करून कागदात टाकली, मी तिचं उरलेलं पाकीट पण खाल्लं.

आंब्याच्या गमीबद्दल मी फार बोलणार नाही. पिकल्या पीचला आंब्याचे कपडे घातल्यासारखी. त्यांचा तिकडचा नावाजलेला आंबा मियाझाकीचा, तो आयर्विन जातीचा, लालभडक, एकेक फळ जाळीत लटकवून वाढवतात, चवीला सौम्य, आणि गमीपण तशीच सौम्य. आपल्या आंब्याला तर फळमाशीच्या भीतीने जपानने वीस वर्षं बंदी घातली होती, २००६ मध्ये उठवली, तीसुद्धा वाफेची प्रक्रिया केलेलाच आंबा येऊ देतात. असो, हापूसवाल्यांनी ती गमी खाऊ नये, बीपी वाढेल.

एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे पाकिटावरचे शब्द. चव काय आहे हे सांगण्यापेक्षा चावल्यावर कसं लागतं हे सांगायची त्यांना जास्त हौस. मोचीमोची, पुरुपुरु, कोरीकोरी. बाई मला समजावत बसायच्या आणि इंग्लिशमध्ये सगळ्याला एकच शब्द, च्युई, तो पण त्यांना पटायचा नाही. मी मनातल्या मनात मराठीत लावत बसायचे. मोचीमोची म्हणजे मऊ पण चिवट, पुरुपुरु म्हणजे थुलथुलीत, कोरीकोरी म्हणजे दाताखाली करकरणारं. आपल्याकडे लुसलुशीत, कुरकुरीत, बुळबुळीत, गिळगिळीत असले शब्द ढिगाने पडलेत त्यामुळे मला काही जड गेलं नाही, जपानी व्याकरण अजून येत नाही पण गमीच्या पाकिटावरचं सगळं कळतं.

आणि मग कोरोरो. ओसाकाच्या युहा मिकाकुतो कंपनीची. गोल, द्राक्षाच्या मण्याएवढी, आणि तिला साल आहे. खरंच साल. बाहेरून कोलेजनचं पातळ आवरण, दात लावला की आधी ते ताणतं, मग पच्कन फुटतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो. पहिली खाल्ली तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर उभी होते, ट्रेन आली आणि गेली, मी तिथेच दुसरी काढून दोन बोटांत धरून दाबत बसले. दाबल्यावर तिच्या अंगावर बारीक सुरकुती पडते आणि जाते. द्राक्षाचा मणी पक्व झालाय का बघताना आम्ही तो असाच दाबतो. कौतुक वाटलं पण एक कळेना. साल हा द्राक्षाचा काय गुण आहे का? आम्ही तर उलट साल जितकी पातळ तितकं चांगलं म्हणतो, दाताला लागलीच नाही पाहिजे. जी गोष्ट कमी व्हावी म्हणून शेतकरी जीव काढतो तीच या लोकांनी मुद्दाम कारखान्यात बनवून गोळीला चढवली होती.

याचं उत्तर सप्टेंबरात मिळालं. ऑफिसातल्या चार-पाच जणांनी बुदो-गारीला जायचं ठरवलं, म्हणजे द्राक्षं तोडायला. शिंजुकूवरून चुओ लाईनने दीड-दोन तास, यामानाशी प्रांतातलं कात्सुनुमा. बाकीच्यांना पिकनिक, मला मात्र स्टेशनातनं बाहेर पडल्यावर पोटात कसंतरी झालं कारण डोंगरउतारावर जिकडे बघावं तिकडे मांडव. आपल्यासारखाच मांडव, वर तारा, त्यावर वेल पसरलेला, खाली घड लोंबतायत. फक्त प्रत्येक घडाच्या डोक्यावर कागदाची छोटी टोपी. एकेका घडाला. मी मोजायला गेले आणि सोडून दिलं, मजुरीचा विचार करूनच घाम फुटला.

मालक आजोबा साठी-सत्तरीचे असतील. त्यांना बाईंनी सांगितलं की ही मुलगी इंडियातल्या द्राक्षवाल्याची, मग ते मला वेगळं फिरवायला लागले. एका कोपऱ्यात प्लास्टिकचे कप दिसले, दांडीवाले, मी लगेच ओळखले. म्हटलं जीए? ते म्हणाले जिबे. जीए म्हणजे जिब्बेरेलिन, वाढीचं औषध, त्यालाच ते जिबे म्हणतात. आमच्याकडे जीएचं डिपिंग सुरू झालं की अण्णा आठ-दहा दिवस जेवायला घरी येत नाहीत, बायका असेच कप घेऊन ओळीने घड बुडवत जातात. हे औषध मुळात जपानातच सापडलं हे मला त्या दिवशी कळलं. भाताला एक रोग पडायचा, रोपं उगाच सोटासारखी उंच वाढून आडवी व्हायची, त्याला ते बाकानाए म्हणायचे, म्हणजे खुळी रोपं. १९२६ मध्ये कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की बुरशी एक द्रव्य सोडते त्यामुळे रोपं खुळ्यासारखी वाढतात, १९३५ मध्ये याबुता यांनी त्याला नाव दिलं, आणि १९६० च्या आसपास यामानाशीकडचे शेतकरी त्यात द्राक्षाचे घड बुडवून बी घालवायला लागले. ते लोक बी घालवायला वापरतात, आपण मणी फुगवायला. मी तिथूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. कॅमेऱ्यात मांडव बघून ते आधी म्हणाले काडी लै जाड सोडलीया, मग आजोबांना नमस्कार केला. आजोबांनी वाकून केला. दोघांचं बोलणं मला भाषांतर करायला लागलं नाही, एकमेकांना घड दाखवत होते नुसते.

मग आजोबांनी क्योहोचा घड कापून दिला. काळाजांभळा, मणी जवळजवळ आवळ्याएवढा. क्योहो म्हणजे मोठं शिखर, इझूमध्ये जिथे हा वाण काढला तिथनं फुजी दिसायचा म्हणून हे नाव, १९४२ सालचा वाण. मी सवयीने मणी तोडून सालीसकट चावला. सगळे बघायला लागले. मग बाईंनी दाखवलं. मणी ओठाशी धरायचा, देठाच्या बाजूने तोंडात, आणि बोटांनी मागून दाबायचं. साल सुटते, गर सटकन जिभेवर, साल हातात राहते ती टाकून द्यायची. मी दाबला. पच्कन. कोरोरो! तो ताण, ते फुटणं, आतलं मऊ बुळबुळीत, सगळं तेच. म्हणजे कारखानावाल्यांनी काही शोध लावला नव्हता, त्यांनी त्यांचं द्राक्ष जसंच्या तसं उचललं होतं, मीच माझ्या थॉमसनची फूटपट्टी लावत होते.

आणि वास. गर तोंडात गेला आणि नाकात तो जांभळ्या गोळीचा वास भरला. जत्रेतला, सरबतातला, जन्मभर ज्याला मी खोटा म्हणत आले तो, समोरच्या झाडावरनं आत्ता कापलेल्या घडातनं. क्योहोच्या पूर्वजांत अमेरिकन लॅब्रुस्का जातीचं द्राक्ष आहे आणि त्या जातीलाच हा वास असतो, मिथाइल अँथ्रानिलेट नावाच्या द्रव्याचा, एसेन्सवाले तेच द्रव्य बाटलीत भरतात. आपल्याकडे बंगलोर ब्लू आहे त्यातही हेच रक्त, पण आमच्या पट्ट्यात कोण लावतंय. शाळेतल्या त्या मैत्रिणीला रात्री मेसेज केला, वीस वर्षांनी, की तू बरोबर होतीस. तिचा रिप्लाय आला, कशाबद्दल?

तिथेच दुसऱ्या मांडवाखाली शाइन मस्कत होती. हिरवी, सालीसकट खायची, बी नाही, २००६ मध्ये नोंदवलेला वाण, सुपरमार्केटात एका घडाला हजाराच्या वर येन. मस्कत म्हटलं की आमच्याकडे कुणाचातरी नवरा किंवा दीर कामाला गेलेला असतो तेवढंच माहीत, इथे फळीवरची निम्मी हिरवी गमी मस्कत. ही खाऊन मात्र मी गप्प झाले. अण्णा फोनवर हळूच म्हणाले, दोन काड्या आन की पिशवीतनं. मी म्हटलं अण्णा, याच वाणाच्या काड्या चीन आणि कोरियात गेल्या, तिकडे हेक्टरच्या हेक्टर बागा झाल्या, म्हणून यांनी २०२० मध्ये कायदाच बदलला, मला आत टाकतील. ते म्हणाले बरं बरं, इचारलं नुसतं.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. दिवाळीत घरी फोन केला तेव्हा भावाची पोरगी चिऊ मागे लागली, आत्या मला जपानची गमी आण, सालवाली. मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं. पाठीमागनं आईचा आवाज आला, काय असतंय त्यात ते बघ आधी. आईच्या गळ्यात माळ आहे, दरवर्षी वारी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. अण्णा बाहेर काय खातात ते सगळ्या तालुक्याला माहीत पण उंबऱ्याच्या आत नाही. मी जपानात आल्यापासून अंड्यावर आले होते तेवढंच. मी आईला म्हटलं अगं गोळीत काय असणार, रस आणि साखर.

फोन ठेवला आणि पाकीट उलटं केलं. एव्हाना कटाकाना अक्षरं लावता येत होती, पहिलीतल्या पोरासारखी बोट ठेवून. पाण्यासारखी साखर, साखर, द्राक्षरस, मग झे… रा… चि… न. परत वाचलं. झेराचिन. मोठ्याने म्हटल्यावर कळलं. जिलेटिन. खाली कंसात परत ठळक, यात सफरचंद आणि जिलेटिन आहे. जपानात तेव्हा ॲलर्जीच्या २८ पदार्थांची यादी होती, काही सक्तीचे, बाकी सांगावेत असे, त्यात जिलेटिन येतं म्हणून ते असं वेगळं छापतात. गंमत म्हणजे त्या यादीत खरा काजू पण आहे. आणि जिलेटिन म्हणजे डुकराची नाहीतर गाईगुरांची कातडी आणि हाडं, कधी मासे, उकळून काढलेला चिकट पदार्थ. कुठल्या जनावराचं ते लिहायची सक्ती नाही. आपल्यासारखा हिरवा ठिपका नाही. कोरोरोच्या सालीचं कोलेजन पण तसलंच, हे तर मी कौतुकाने वाचलं होतं, कोलेजन म्हटलं की चेहऱ्याला लावायची क्रीमच डोळ्यासमोर येते ना.

सात महिने. दिवसाला एक पाकीट धरलं तरी दोनशेच्या वर. त्या रात्री मला जेवण गेलं नाही हे खरं, आणि चौथ्या दिवशी मी परत त्या फळीसमोर उभी होते हेही खरं. माझं मी ठरवलं, खाऊन झालंय ते झालंय. पण चिऊला आणि आईला काय न्यायचं हा प्रश्न उरलाच.

मग शोधाशोध. रोज एकेक पाकीट उचलायचं, मागे झेराचिन आहे का बघायचं, ठेवून द्यायचं. फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर करून देतो पण ते भरवशाचं नाही, एकदा त्याने मला चकाकी आणणाऱ्या पदार्थाचं भाषांतर मेण-बाई असं करून दिलं. स्ट्रॉबेरीच्या एका गोळीत जिलेटिन नव्हतं म्हणून मी नाचले तर रंग कोचिनील निघाला, म्हणजे किडे वाळवून काढलेला लाल. दुकानातला पोरगा आता मला ओळखायला लागला होता. त्याला वाटत असणार ही बाई पाठ करते.

मध्ये घरी करून बघायचा झटका आला. जपानात कांतेन मिळतं, समुद्री शेवाळातलं, आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच, शुद्ध शाकाहारी. आई उन्हाळ्यात त्याचं पुडिंग करते. चार ग्रॅमच्या पुडीत अर्धा लिटर घट्ट होतं असं लिहिलेलं, मी म्हटलं गमी पाहिजे तर तिप्पट घालूया. द्राक्षाचा रस, साखर, लिंबू, सगळं एकत्र उकळलं आणि ते जमलंच नाही, पातळ ते पातळ. नंतर कळलं की आंबट घालून उकळलं की कांतेनचं बळ जातं, लिंबू गॅस बंद केल्यावर घालायचं. दुसऱ्यांदा तसं केलं, जमलं, पण काय जमलं तर खोडरबर. चावलं की ताणत नाही, कट् करून तुटतं आणि तोंडात वाळूसारखं फिरतं. मोचीमोची नाही पुरुपुरु नाही, त्याला शब्दच नाही. जिलेटिन अंगाच्या उबेला वितळतं म्हणून गमी जिभेवर विरघळते, कांतेन वितळायला ८५ अंशाच्या आसपास तापमान लागतं, एवढं गरम तोंड कुणाचं असतं. अकरा तुकडे डब्यात भरून ऑफिसला नेले, बाईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, खूप आरोग्यदायी आहे. जपानी माणूस असं म्हणाला की समजून जायचं.

शेवटी बाईंनीच मार्ग काढला. एका शनिवारी मला उएनोच्या आमेयोको बाजारात घेऊन गेल्या. आमे म्हणजे गोळी, युद्धानंतर तिथे गोळ्या-मिठाईची दुकानं लागायची त्यावरून नाव पडलं म्हणतात. आमे म्हणजे पाऊस पण, आणि त्या दिवशी तोही होता. तिथल्या एका दुकानात त्यांनी मला एक छोटी काड्यापेटीसारखी डबी दिली, बोन्तान आमे, दक्षिणेकडच्या कागोशिमाची, त्यांच्या आजीच्या वेळची. मागे वाचलं. साखर, चिकट तांदूळ, बोन्तानचा अर्क. परत वाचलं, उजेडात नेऊन वाचलं. झेराचिन नाही. आणि बोन्तान म्हणजे काय असेल म्हणून डबीवरचं चित्र बघते तर मोठं पिवळट-हिरवं जाड सालीचं, अहो पपनस!

एक उघडली. चौकोनी, फिकट केशरी, भोवती पारदर्शक कागद चिकटलेला. मी नखाने कागद सोडवायला लागले, निघेना, चिकटला, फाटला, बोटं चिकट. पाच मिनिटं. बाई शांतपणे बघत होत्या, मग म्हणाल्या तो खायचाच असतो. ओब्लात, स्टार्चचा पापुद्रा, जिभेवर ठेवला की विरघळतो. मला आधी नाही सांगायचं का. चव गमीसारखी उसळणारी नाही, मऊ, दाताला थोडी चिकटणारी, आणि मागे पपनसाच्या सालीचा तो हलका कडवट वास. आठ डब्या घेतल्या.

२०२४ च्या मे महिन्यात घरी गेले. आईसाठी आणि चिऊसाठी बोन्तान आमे बॅगेत, आणि अण्णांसाठी एक कोरोरो, ती हँडबॅगेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. ऑफिसातल्या मित्राच्या घरी द्यायला काजू गुमीची सहा पाकिटं घेतली होती ती मोठ्या बॅगेत टाकली आणि मुंबईहून गाडीने येताना डिकीत राहिली. तासगावात उघडली तेव्हा सहा पाकिटांत सहा जांभळ्या चकत्या. चाळीस अंशात दुसरं काय होणार.

आईने बोन्तान आमे हातात घेतली, उलटसुलट केली आणि नखाने कागद सोडवायला लागली. मी काही बोलले नाही. दोन मिनिटं बघत बसले. मग सांगितलं. ती म्हणाली, आगं मग आधी सांगायचं न्हाई का. खाल्ली, जरा वेळ गप्प, आणि मग, पपनीस हाय हे. चिऊला ती आवडली नाही, तिला सालवालीच पाहिजे होती, त्यामुळे आत्या नावाला जो बट्टा लागला तो अजून धुतला गेलेला नाही.

अण्णा गोठ्याकडे बसले होते, खरड छाटणी होऊन फुटवे काढायचं काम चालू होतं. त्यांना तिकडेच नेऊन दिली. त्यांनी आधी गोळी दोन बोटांत धरली, दाबली, उजेडाकडे धरून बघितली.

"साल जाड हाय. कंटेनरला टिकंल."

"अण्णा, खायची आहे ती."

खाल्ली. चावताना डोळे बारीक केले, पच्कन आवाज मला पण ऐकू आला. दुसरी मागून घेतली. मग खिशातनं ब्रिक्स मीटर, म्हणजे द्राक्षातली साखर मोजायचं यंत्र, काढलं, बागेत फिरताना ते कायम त्यांच्या खिशात असतं, काचेवर गोळी ठेवून अंगठ्याने दाबायला लागले. रस निघेना. जोर लावला, गोळी सटकून शेणात पडली. तिसरी घेतली, नखाने साल फोडली, आतला गर काचेवर चोळला आणि मीटर डोळ्याला लावून उन्हाकडे तोंड केलं.

"किती आली शुगर?" मी विचारलं.

"थांब, रेषच दिसंना," ते म्हणाले, आणि काच धोतराला पुसायला लागले.